आवणीतली खुर्ची

मूर्खपणा सांगायचाच तर सरळ सांगते. डेन्मार्कहून आमच्याकडे राहायला आलेल्या एका शाळकरी मुलीला मी ऐन आवणीच्या दिवशी साखरशेत गावी आमच्या भातखाचराच्या बांधावर लाल प्लास्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसवून ठेवलं. हातात छत्री दिली, पायाला चिखल लागू नये म्हणून खाली रिकामं पोतं अंथरलं, मांडीवर चिवड्याची पुडी ठेवली. समोर दहा-बारा बायका कमरेत वाकून भाताची रोपं लावत होत्या आणि ही पोरगी त्यांच्याकडे बघत बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

हे मी भोळेपणानं केलं असतं तर सांगायला काही वाटलं नसतं. मी ते नीट विचार करून, आखून केलं होतं. तेव्हा मी तरुण होते, चौसष्ट वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला जगाचं सगळं कळतं. आता सदुसष्टावं लागलंय, तेव्हा जरा बरं आहे.

आमचं घर जव्हारला. मी नोकरी केली मोखाड्याला, सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, आतला कागद बाहेर पाठवायचा, दोन्हीवर शिक्का मारायचा. सकाळी जव्हारहून जीप, संध्याकाळी मोखाड्याहून जीप, म्हणजे माझीही रोज आवक-जावकच. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, ते आता नाहीत. मुलगा मोखाड्याला शिक्षक आहे, सून अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. आणि एकुलती एक नात. ती तेव्हा अकरावीत होती.

एका दुपारी ती कॉलेजातून आली, पायातल्या चपला दारात न काढता आत आली आणि म्हणाली,

"आजी, मी डेन्मार्कला चाललेय."

"जेवून जा," मी म्हटलं.

मग कळलं की पोरगी थट्टा करत नव्हती. नाशिकहून एक बाई कॉलेजात आल्या होत्या. त्यांची संस्था आपल्याकडची अकरावी-बारावीची मुलं शाळेच्या एका वर्षासाठी परदेशात पाठवते आणि तिकडची मुलं इकडे आणते. हॉटेलात नाही, होस्टेलातही नाही. कोणाच्या तरी घरात, घरच्यासारखं राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. नातीनं निबंध लिहिला, मुलाखत दिली आणि घरात कोणाला पत्ता लागू न देता निवडलीसुद्धा गेली. खर्चाचं बरंचसं संस्था बघणार होती. पण एक अट होती. ज्या घरातलं मूल जाणार, त्या घरानं तिकडचं मूल ठेवून घ्यायचं. तिकडची मुलगी आधी येणार, महिनाभर दोघी एकत्र राहणार आणि मग आमची जाणार. आलेल्या मुलीचं आमच्याकडे जमलं नाही, तर आमच्या मुलीचं जाणंही अडणार.

मुलगा म्हणाला, "एवढी लांब? आणि ती थंडी, आणि खाणंपिणं..."

सुनेनं दोनदा भांडी आपटली.

मीच म्हटलं, "जाऊ दे पोरीला. यात अवघड काय आहे? ही तर सावड आहे."

सावड कोणाला माहीत नसेल तर सांगते. आमच्या डोंगरातल्या गावांत आवणीला, म्हणजे भाताची रोपं राबाच्या वाफ्यातून उपटून खाचरात लावायच्या वेळी, सगळ्यांना एकदमच माणसं लागतात. मग आज तुमच्या घरचे चार हात माझ्या खाचरात, परवा माझ्या घरचे चार हात तुमच्या खाचरात. हात म्हणजे एक माणूस. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. एखादा हात फेडायचा राहिला तर दिवाळीचे फटाके वाजले तरी ऐकवतात. माझी सगळी समजूत या सावडीवर आणि त्या आवक-जावकच्या टेबलावर तयार झालेली. तिकडची पोर आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. एकास एक.

आणि इथंच माझी अक्कल वाजवीपेक्षा जास्त चालली.

त्या घरच्यांशी फोनवर व्हिडिओनं भेट ठरली. मी आदल्या दिवशी केसांना कलप लावला. तो थोडा कपाळालाही लागला, म्हणून सबंध वेळ मी पदर पुढे ओढून बसले, आणि तिकडच्यांना वाटलं आजी फारच जुन्या वळणाच्या आहेत. पडद्यावर आई, वडील, ती मुलगी आणि त्यांच्या मागे उभी एक धिप्पाड म्हातारी दिसत होती. गुडघ्यापर्यंत गमबूट. ती मुलीची आजी, त्यांच्या घराच्या पलीकडेच राहणारी. वडील बस चालवतात म्हटल्यावर मला हायसं वाटलं. ड्रायव्हरचं घर, म्हणजे माणसं वेळेची किंमत जाणणारी.

मी नातीला म्हटलं, "विचार, त्या आजी काय करतात?"

नातीनं विचारलं. म्हातारी हसत हसत बरंच बोलली, तिच्या मुलानं ते इंग्रजीत सांगितलं आणि नातीनं मला मराठीत दिलं. "त्यांच्या गाई आहेत, आजी. पुष्कळ. शनिवार-रविवारी घरातले सगळे गोठ्यात मदत करतात. मलापण नेणार म्हणतात. कसलं भारी!"

मला काही ते भारी वाटलं नाही. आमची नात म्हणजे जेवलेलं ताट मोरीत नेऊन ठेवायचं तर आधी चहूकडे बघणार, कोणी उचलतंय का. ही सवय तिला कोणी लावली ते विचारू नका. आणि ही पोरगी त्या बर्फात, त्या एसटीएवढाल्या गाईंचं शेण काढणार?

मग मी मनातल्या मनात हिशोब मांडला. सावडीत जेवढा हात आला तेवढाच परत मागता येतो. म्हणजे त्यांच्या पोरीनं आमच्याकडे काडी उचलली नाही, तर आमच्या पोरीला तिथं काडी उचलायला सांगायची त्यांची काय बिशाद! मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खीर केली. खीर कशाबद्दल म्हणून मुलानं विचारलं तर सांगितलं, सहज.

जुलैत मुलगी आली. नाशिकहून एसटीनं, त्या समन्वयक बाईंबरोबर. उंच, पिंगट केसांची, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. आल्या आल्या वाकून माझ्या पाया पडली, हे तिला बाईंनी वाटेत शिकवलं असणार. मी म्हटलं, गुणाची आहे. आणि त्याच क्षणी ठरवलं, हिला आपण जागची हलू द्यायची नाही.

पहिल्याच सकाळी चहा झाल्यावर तिनं आपला कप उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला. तिनं सोडला नाही. मी ओढला. तिनं हसून ओढला. मी हसून जास्त ओढला. शेवटी कप माझ्याकडे आला आणि कान तिच्याकडे राहिला.

नातीनं तिला आमच्या भाषेतलं पहिलं वाक्य शिकवलं, "आजी, मी करू?" दिवसातून वीसदा ते ऐकू यायचं. झाडू दिसला की "आजी, मी करू?" नागलीच्या भाकऱ्या चालू असल्या की "आजी, मी करू?" आणि मी मोठ्या मायेनं म्हणायची, "नको गं बाई, तू बैस." दोरीवरचे कपडे तिनं काढायला घेतले की मी सुनेला धाडायची. ती उठल्याबरोबर स्वतःचं अंथरूण गुंडाळायची, म्हणून मी तिच्या आधी उठून दारात उभी राहायची. एकदा ती मोरीत स्वतःचे मोजे धुताना सापडली. मी ते घेतले, परत धुतले आणि वाळत घातले. शेजारणी म्हणायच्या, "काय बाई तुमचा पाहुणचार!" आणि मी मान डोलवायची.

सून एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, तिला थोडं काहीतरी करू द्या ना. कंटाळते ती."

"तुला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. पर्यवेक्षिका असलेल्या बाईला!

तर तो आवणीचा रविवार. आमची शेती साखरशेतला, मोठ्या दिरांची आणि आमची मिळून एकच. दीर थकलेत, सगळं बघते ती माझी मोठी जाऊ. पंचाहत्तरीला टेकली तरी अजून चिखलात पुढच्या रांगेत असते. त्या दिवशी सावड आमच्या खाचरात होती, म्हणून जव्हारहून आम्ही सगळेच जीपनं गेलो. मुलगी आदल्या दिवसापासून खुशीत. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं पँट गुडघ्याच्या वर दुमडली, चपला काढल्या आणि खाचराकडे निघाली. मी आधीच जावेच्या ओसरीवरून लाल खुर्ची उचलून आणली होती. बांधावर ठेवली, पोतं अंथरलं आणि म्हटलं, "बैस."

तिनं खाचराकडे बोट केलं. "आजी, मी करू?"

"नको नको. तू बैस."

चिखलातून जावेनं मान वर केली. "काय गं कारकूनबाई, पोरीला काय नवरी म्हणून बसवलीय का?"

"पाहुणी आहे, वहिनी!"

"पाहुणी हाय तर घरी ठेवायची. शेतावर कशाला आणली, बगळे मोजाया?"

बायका खो खो हसल्या. त्या पोरीला शब्द कळले नाहीत, पण आपल्याकडे बघून हसतायत एवढं कळलं. तीही हसली. मग हळूहळू तिचं हसणं कमी होत गेलं. नात चिखलात उतरलेली, तिची रांग वाकडी, तिला सगळ्यांच्या शिव्या. इकडे ही कोरडी ठणठणीत. दुपारी बायका बांधावर जेवायला आल्या, भाकरी आणि भाजीची वाटावाटी झाली, चिखलाच्या हातांनी चेष्टा झाली. मुलीला मी वेगळ्या ताटात वाढलं. तिनं अर्धं खाल्लं. परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी नातीला म्हटलं, "दमली असेल." दिवसभर खुर्चीत बसलेल्या पोरीविषयी हे मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी नाशिकच्या बाईंचा फोन आला. मुलीनं त्यांना कळवलं होतं की तिला दुसरं घर हवंय. बाई चांगल्या होत्या, जपून बोलत होत्या. "तिचं म्हणणं, तुम्ही सगळे फार प्रेमळ आहात. पण या घरात ती कोणालाच नकोय असं तिला वाटतं. मी शुक्रवारी येते. ती राहणार नसेल, तर मग दोन्ही मुलींचं काय करायचं ते संस्थेच्या समितीला ठरवावं लागेल."

फोन स्पीकरवर होता. नात शेजारीच उभी होती. फोन बंद झाला तशी ती माझ्याकडे वळली.

"आजी, तू तिला कप का धुऊ देत नाहीस?"

मी सांगितलं. गाई, शेण, सावड, एकास एक, सगळं. मला वाटलं, पोरीला गहिवरून येईल.

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुझा बेत काय, तिथं मला खुर्चीत बसवायचं? दहा महिने?"

"हो! राणीसारखी!"

"आजी, मी दहा दिवसांत रडत परत येईन."

"तू? तू इथं ताट उचलत नाहीस!"

"इथं घर आहे माझं! घरात आळशीपणा करायला मजा येते. परक्याच्या घरात नुसतं बसून राहायचं म्हणजे..." तिला शब्द सापडेना. "माझं जाणं रद्द झालं ना आजी, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि हे मी रागानं म्हणत नाहीये."

रागानं म्हणाली असती तर मला समजावता आलं असतं. ती आत गेली. मी तशीच बसले आणि खरं सांगू, अजूनही मला माझंच पटत होतं. पोरींना काय कळतं, बसायला मिळणं हा केवढा मान असतो! मला तो मिळाला होता. लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्याच आवणीला याच जावेनं मला बांधावर बसवलं होतं. मी मॅट्रिक झालेली, गावातली पहिली शिकलेली सून, मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ. तासाभरात ती म्हणाली होती, "तू वर जाऊन बैस बाई, घड्याळ भिजंल." आणि मी बांधावरच्या दगडावर महाराणीसारखी बसून बाकीच्यांना वेळ सांगत होते. विचारलं नव्हतं कोणी, तरी सांगत होते. त्या मानाची आठवण मी चाळीस-बेचाळीस वर्षं जपली होती.

संध्याकाळी त्याच जावेचा फोन. दुसऱ्या दिवशी आमची फेड होती. वरच्या पाड्यातल्या बाईच्या खाचरात आमच्या घरचे चार हात द्यायचे होते, जाऊ, तिची सून, माझी सून आणि नात. पण माझ्या सुनेची तालुक्याला बैठक लागली होती.

"एक हात कमी पडतो, कोणास तरी पाठव," जाऊ म्हणाली.

"मी येते ना."

पलीकडे जाऊ हसली. इतकी हसली की तिला खोकला लागला.

"तुझा हात सावडीत धरतंय कोण? लाज जाईल माझी."

"का? पहिल्या वर्षी तुम्हीच तर मला मानानं वर बसवलंत, म्हणून माझी सवय गेली."

"मानानं?" खोकला थांबला. "अगं बाय, तू लावलेली रोपं तरंगत होती. एक मूठ तू लावायची आन ती काढून परत मी लावायची. घड्याळ भिजंल म्हणलं, कारण कामाची नायस म्हणलं असतं तर तू रडली असतीस. नवी नवरी होतीस."

मी फोन धरून उभी. काय सांगू, त्या वयात, चाळीस वर्षांपूर्वीच्या चार मुठींसाठी माझे कान तापले. आधी जावेचा राग आला, मग त्या रोपांचा. आणि मग एकदम ती लाल खुर्ची डोळ्यांपुढे आली. मला निदान कोणीतरी घड्याळाचं कारण दिलं होतं. त्या पोरीला मी तेवढंही दिलं नव्हतं. समोर सगळी माणसं हातानं काहीतरी करतायत आणि आपल्याला एक चिवड्याची पुडी.

मी आतल्या खोलीत गेले. ती पिशवी भरत होती. नात पलंगावर, तोंड फिरवून. माफीबिफी मागायची मला सवय नाही आणि तिला ती कळलीही नसती. मी नातीला म्हटलं, "हिला सांग, उद्या साखरशेतला एक हात कमी आहे. कोणीच नाही. ही आली नाही तर गावात आमची मान खाली जाईल."

नातीनं सांगितलं. मुलीनं हातातला टॉवेल तसाच धरला. माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "खुर्ची?"

"खुर्ची नाही."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. जावेचं बोलणं ऐकून घरी बसणारी मी नव्हे. वरच्या पाड्यातली ती बाई कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. मुलीला बघून ती जावेला म्हणाली,

"ही कोणाची?"

"आमच्याकडचीच. चौथा हात."

"पाहुणीचा हात नाय चालत सावडीत. उद्या ही जाईल तिकडं, मी फेडू कोणास? घरचा हात पायजे."

जाऊ म्हणाली, "आधी काम बघ, मग बोल."

मुलगी उतरली. पहिल्याच पावलाला चिखलानं तिला गुडघ्यापर्यंत ओढलं. रोपं धरायची कशी ते नातीनं दाखवलं, नातीला स्वतःला येत नव्हतं तरी. मुलीनं पहिली मूठ इतकी खोल लावली की वर नुसती टोकं दिसत होती. दुसरी इतकी वर की आडवी झाली. आणि मग ते झालं, ज्याची मी धास्ती घेतली होती. जाऊ कडाडली, "ए लांबुडके! रोप लावतेस का पुरतेस? बोटं बघ माझी! अशी! आन मागं सरक, पुढं नाय, मागं!"

मी घाबरले. म्हटलं, संपलं, आता ही शुक्रवारची वाटसुद्धा बघणार नाही. पण पोरीनं जावेकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत आमच्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदा तिला घरच्या माणसासारखं बोललं होतं. दुपारपर्यंत सगळ्या बाया तिला "लांबुडके" म्हणून हाका मारत होत्या आणि ती ओ देत होती. चार वाजेपर्यंत तिची रांग नातीच्या रांगेपेक्षा सरळ आली होती, यावर नातीचं अजूनही दुमत आहे.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. अर्ध्या तासानं माझी कंबर धरली आणि पाय रुतले. मला दोन्ही बगलेत धरून बाहेर काढलं ते त्या मुलीनंच. बांधावर बसवलं आणि माझ्या मांडीवर, कुठून काढली देव जाणे, चिवड्याची पुडी ठेवली. म्हणाली, "आजी, तू बैस." बायका हसून हसून चिखलात बसायच्या राहिल्या.

संध्याकाळी हात धुऊन झाल्यावर पाड्यातली ती बाई रिवाजाप्रमाणे बोटांवर हात मोजायला लागली. मोजणं नेहमी सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "तू एक. तुझी सून दोन. ही नात तीन." मग थांबली. मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चिखल तिच्या भुवयांपर्यंत होता. बाईनं चौथं बोट मिटलं. "आन ही चार. फिटलं."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू कशात नाय," ती म्हणाली.

नातीनं त्या मुलीला काय झालं ते समजावून सांगितलं. बोट मिटणं म्हणजे काय ते. मुलगी परत जीपमध्ये बसेपर्यंत आपलं चौथं बोट मिटून बघत होती.

शुक्रवारी समन्वयक बाई आल्या, मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. मी दाराशी तांदूळ निवडत बसले. तांदूळ आधीच निवडलेले होते. आतून आधी बोलणं, मग हसणं ऐकू आलं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या,

"तिला इथंच राहायचंय. एक तक्रार मात्र आहे."

"काय?"

"आजी आवणीत फार हळू आहेत म्हणते."

ऑगस्टात नात गेली. तिच्या जाण्याच्या दिवशी सुनेनं पुन्हा भांडी आपटली, पण या वेळी ती घासायला शेजारी मुलगी बसली होती.

इथं गोष्ट संपली असती. पण माझ्या हिशोबाचं एक टोक अजून डेन्मार्कमध्ये शिल्लक होतं आणि ते मला माहीत नव्हतं.

नातीचे फोन यायचे. सगळं छान आहे, म्हणायची. शाळा छान, सायकल छान, माणसं छान. पण आवाज असा, की पाण्यात पातळ केलेलं ताक. सप्टेंबरात मी तिला खोदून विचारलं, "गाई कशा आहेत?"

"लांबून बघितल्यात."

"म्हणजे?"

"या आजी मला गोठ्यात येऊ देत नाहीत. खिडकीजवळ एक आरामखुर्ची आहे, तिथं बसवतात. कॉफी देतात. मी बशी उचलली तर काढून घेतात. सगळे शनिवारी गोठ्यात जातात आणि मी खिडकीतून बघते." मग जरा थांबून, "आजी, इथं माझं काय काम आहे, तेच कळत नाही गं."

मी हादरले. शेजारी ती मुलगी नागलीचं पीठ मळत होती, कोपरापर्यंत हात भरलेले. तिला बरंचसं कळलं. ती आधी लाल झाली आणि मग मोडक्या मराठीत तिनं मला सांगितलं ते असं. आपल्याकडे आल्या आल्या ती पहिले पंधरा दिवस रोज तिच्या आजीला फोनवर सांगायची, की इथली आजी मला काहीच करू देत नाही, बसवून ठेवते, सगळं हातात देते. ती सांगत होती रडगाणं, आणि म्हातारीनं ऐकला पाहुणचार. पुढचं चिखलाचं पुराण म्हातारीला मजेचं वाटलं, पण तिनं मनाशी खूणगाठ बांधली होती, त्या बाईनं माझ्या नातीला एवढं जपलं, आता तिच्या नातीला मी जपणार. खुर्चीला खुर्ची.

म्हणजे माझी सावड बरोबर फिटली होती. मी मागितलं होतं तेच, तेवढंच, सात समुद्रांपलीकडून परत आलं होतं, आणि माझी नात त्यात सुकत होती. एवढा बिनचूक हिशोब मी नोकरीत कधी केला नव्हता.

मी मुलीला म्हटलं, "लाव तुझ्या आजीला फोन. आत्ता."

तिनं पिठाच्या हातांनीच लावला. गमबूटवाली म्हातारी पडद्यावर आली. मुलगी तिच्या भाषेत भराभरा बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्येच तिनं चिखल दाखवला, रोप दाखवलं, कमरेवर हात ठेवून जावेची नक्कल केली आणि मग चौथं बोट मिटून दाखवलं. मी पुढे झाले. केसांना कलप नव्हता, तरी पदर मागे सारला. स्वतःकडे बोट केलं, शेजारची रिकामी खुर्ची उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत मागच्या दारातून अंगणात ठेवून आले.

म्हातारी किती वेळ हसली! हसताना तिचे दात माझ्यासारखेच पुढे येतात.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी नातीचा फोन आला. पडदा हलत होता, मागे हंबरणं चाललं होतं. तिच्या पायात कोणाचे तरी दोन मापं मोठे गमबूट होते, गालावर शेणाचा फराटा होता, आणि ती धावत आल्यासारखी धापा टाकत म्हणाली,

"आजी, ऐक ना, मी गोठ्याचं फाटक उघडं टाकलं आणि सगळ्या गाई रस्त्यावर गेल्या, आणि या आजी मला आज पहिल्यांदा ओरडल्या!"